‘आधी’ हा शब्द नसलेली भाषा

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "निवांत बसा आणि तुमच्या कामातले काही अनुभव लिहून द्या." निवांत! निवृत्त होऊन माणगावला राहायला आले त्याला बरेच दिवस झाले, पण निवांत बसणं काही जमलेलं नाही. एवढं लिहून होईपर्यंत मी एकदा कुकर लावून आले, एकदा गॅलरीत उभी राहून हायवेवर अडकलेल्या गाड्या बघून आले. मिस्टर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "खुर्चीला खिळे आहेत का?" आहेत. मला कायम होते. तेव्हा हा लेख उठत-बसत लिहिलेला आहे, तसाच वाचा.

नोकरी बेलापूरला होती. एका शेठची लहानशी कंपनी, पंपांची कंट्रोल पॅनेलं बनवायची. पॅनेल म्हणजे भिंतीवरचा तो लोखंडी डबा. मोटर कधी चालू करायची, कधी बंद करायची, कुठला व्हॉल्व कधी उघडायचा, हे तो ठरवतो. डबा बनवणारे दुसरे, डब्यातली अक्कल माझी. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगायचे, "प्रोग्रॅम लिहिते." मग समोरचा म्हणायचा, "म्हणजे वेबसाइट?" मी हो म्हणून जेवायला बसायचे.

पण माझं खरं काम त्याहून वेगळं होतं आणि ते समजावून सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. प्रोग्रॅमची भाषा दुसऱ्या कुणीतरी बनवलेली असते. त्यात तुम्ही फंक्शन लिहू शकता. फंक्शन म्हणजे कामावर ठेवलेला गडी. हातात वस्तू द्या, तो काम करून परत देईल. पण गड्याला हुकूम कोणत्या शब्दांत द्यायचा, हे भाषा बनवणाऱ्यानं ठरवून ठेवलेलं असतं. कंस, स्वल्पविराम, इंग्रजी शब्द, सगळं त्याच्या मर्जीनं. काही भाषांमध्ये मात्र मॅक्रो नावाची सोय असते. मॅक्रो स्वतः काम करत नाही. तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेला अर्ज लिहिणारा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही त्याला सांगता, "जमीन मोजून पायजे." तो तुमच्या तीन शब्दांचा पानभर अर्ज करतो, साहेबांच्या सेवेशी वगैरे घालून, आणि साहेब तो अर्ज वाचतात. तुमचे तीन शब्द साहेबांपर्यंत जातच नाहीत. मॅक्रो तेच करतो. प्रोग्रॅम चालायच्या पूर्वीच तुमचं आखूड वाक्य घेतो आणि त्याचं लांबलचक, मशीनला समजेल असं वाक्य लिहून ठेवतो. हा अर्ज लिहिणारा तयार करणं हा माझा धंदा. त्याला कुठली वाक्यं समजतील, कुठली समजणार नाहीत, हे मी ठरवायचे.

याची सुरुवात दिवेआगरच्या एका काकांनी केली. नारळ-सुपारीची वाडी, वाडीतच पाहुण्यांसाठी खोल्या, आणि या सगळ्याला मिळून एक विहीर. वादळात अर्धी वाडी झोपली होती, नवी रोपं लावलेली, त्यांना पाणी हवं. पाहुण्यांनाही हवं. काकांचा दर आठवड्याला फोन. "ताई, शनिवारी पाहुणे आहेत हो. ते साबण लावून उभे राहतात आणि तुमचं मशीन वाडीकडे पाणी वळवतं. शिव्या मी खातो." मी कोड बदलायचे, पाठवायचे. पुढच्या आठवड्यात पाहुणे नसत, मग पुन्हा बदल. शेवटी वैतागून मी त्यांना विचारलं, "काका, गड्याला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतंत?" ते म्हणाले, "आधी रोपं, मग पाहुणे, मग मोठी झाडं. यात काय सांगायचंय?"

तेच वाक्य मी उचललं. अगदी जसंच्या तसं. ते वाक्य वाचून त्याचा दोन पानी प्रोग्रॅम लिहिणारा मॅक्रो केला आणि काकांच्या हवाली केला. काका खूश! "ताई, मशीन माझं ऐकतंय!" मग त्यांना चेव आला. ‘पाहुणे पुण्याचे असतील तर टाकी काठोकाठ भर’ असंही त्यांनी लिहून पाहिलं. मशीननं उत्तर दिलं, ‘पुण्याचे म्हणजे काय ते मला माहीत नाही.’ हे उत्तरही माझंच बरं का. चूक झाली की मशीन इंग्रजीत भलत्याच ओळीचा नंबर सांगतं, जी ओळ बिचाऱ्या माणसानं लिहिलेलीच नसते, मॅक्रोनं लिहिलेली असते. म्हणून चूक दाखवणारे निरोपसुद्धा मी मराठीत, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायचे. त्या निरोपांचा मला फार अभिमान होता. अजून आहे.

मग ते गाव आलं. नाव लिहीत नाही, कारण ते माझं माहेर आहे आणि मला तिथे जाऊन भाकर खायची असते. समुद्रापासून थोडं आत, हरिहरेश्वरच्या रस्त्याच्या अलीकडे. टेकाडावर पाण्याची टाकी. टाकीखाली वरची आळी, मग मधली आळी, आणि पाइप जिथे संपतो तिथे खालची वाडी. खालची वाडी म्हणजे आमची बौद्धवाडी. उन्हाळ्यात टाकी जेमतेम भरते, म्हणून तिघांना पाळीपाळीनं पाणी. नवे व्हॉल्व बसवायचं काम आमच्या शेठला मिळालं आणि पाण्याचे नियम लिहिण्याची भाषा करायचं काम माझ्याकडे आलं. नियम सारखे बदलणार होते. लग्नसराई, शिमग्याला येणारे मुंबईकर, गणपतीतली गर्दी. प्रत्येक वेळी बेलापूरहून मी थोडीच येणार? पाणी सोडणारा दिनू, मधल्या आळीतला, चांगला डोक्याचा माणूस, त्यानंच नियम लिहावेत असं ठरलं.

मी पंपघरात दिनूजवळ बसून तो कसा बोलतो ते ऐकलं. ‘पाणीपाळी’ नावाचा एक नवा प्रकार केला. साध्या फंक्शनसारखाच, पण लिहायची पद्धत आमची. पाणीपाळी, वाडीचं नाव, किती वेळ, टाकी कितीच्या खाली गेली तर थांबायचं. बस्स. तिघांच्या पाणीपाळ्या लिहिल्या की मॅक्रो त्या गोळा करायचा आणि रोजचं वेळापत्रक बांधायचा. आज जो पहिला तो उद्या शेवटचा. फाइलीत कुणाचं नाव वर लिहा, कुणाचं खाली लिहा, काही फरक पडायचा नाही.

आणि काकांच्या भाषेत असलेला ‘आधी’ हा शब्द मी काढून टाकला.

मुद्दाम काढला. तो शब्द ऐकत मी वाढले होते. विहिरीवर आधी त्यांचं, शाळेच्या माठाशी आधी त्यांचं, दुकानात आधी त्यांचं. मला त्याचा राग आहे आणि तो वयानं कमी झालेला नाही. म्हटलं, निदान मी बनवलेल्या भाषेत तरी हे कुणाला लिहिता येणार नाही. नियम मोडला तर पकडता येतं, दंड करता येतो, ते वेगळं. इथे मोडायचा म्हटलं तरी शब्दच नाही. हे काम झालं त्या दिवशी मी पंपघराबाहेर येऊन एकटीच हसले.

भाऊ चिडले. भाऊ म्हणजे पाणी समितीचे अध्यक्ष, वरच्या आळीतले, उंचेपुरे, पांढरेशुभ्र कपडे, गावात त्यांना नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. त्यांनी दिनूकडून ‘आधी वरची आळी’ असं लिहून घेतलं. मशीननं उत्तर दिलं, ‘असं सांगता येत नाही. पाळी फिरती आहे.’ भाऊंनी मला पंपघरात बोलावून घेतलं.

"मॅडम, हे मशीन मला नाही म्हणतं?"

"सगळ्यांनाच म्हणतं, भाऊ."

"अहो, टाकी आमच्या जागेत आहे."

"पाणी नदीचं आहे."

दिनू तोंड फिरवून हसत होता. भाऊंनी थेट आमच्या शेठला फोन लावला. संध्याकाळी शेठचा मला. "बेन, कस्टमरने जे जोइए ते आपी दो. मागतो तो शब्द देऊन टाक ना. तू पाणी वाटते का सॉफ्टवेअर विकते?" मी म्हटलं, "दोन्ही." शेठ भला माणूस, वैतागून फोन ठेवला पण मला अडवलं नाही.

मी जिंकले असं मला वाटत होतं. उन्हाळा चढला आणि मंगलवहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, खालच्या वाडीत राहते, बोलणं सरळ आणि टोकदार.

"ताई, तुमच्या मशीनला सांगा, आमाला पयला नंबर नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकते आहे. "का गं?"

"का म्हंजे? पयला नंबर लागला की पाइप रिकामा असतो. टाकीपासनं वाडीपर्यंत पाइप भरण्यातच आमची पाळी जाते. नळ नुसता फुसफुसतोय. पानी पोचतंय तवा मशीन म्हनतं, झाली तुमची वेळ. आन् पाइपात भरलेलं पानी मागनं वरचे घेतात. चांगला न्याय केलात!"

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. खरंच होतं. तिघांना सारखा वेळ, पण पाणी सारखं नाही. हंडे ओळीनं मांडलेले, बायका ऊन डोक्यावर घेऊन उभ्या, आणि नळातून हवा. शहाणपणाच्या भरात मी ज्यांच्यासाठी ही भाषा केली, त्यांनाच तिच्यात आपलं म्हणणं मांडता येत नव्हतं.

उपाय होता. पाण्याचा दाब मोजणारं यंत्र वाडीच्या टोकाला बसवायचं आणि ‘पोचल्यावर’ असा नवा शब्द द्यायचा. म्हणजे वेळ मोजायची ती पाणी नळाला पोचल्यावर. पण त्यानं वरच्या आळीचा वेळ थोडा कमी होणार होता, म्हणून समितीची मंजुरी लागणार. भाऊंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "तुमचा ‘पोचल्यावर’ घ्या. आमचा ‘आधी’ द्या."

झालं! माझी झोप उडाली. ‘पोचल्यावर’ नाही दिला तर वाडीचा उन्हाळा कोरडा. ‘आधी’ दिला तर वरची आळी रोज आधीच्या नावाखाली टाकी उपसणार आणि ‘पोचल्यावर’ला पोचायला पाणीच उरणार नाही. वहिनी म्हणाली, "तुमीच लिवलंय ना ते? मग गुपचूप बदला की. कुनाला कळतंय?" करता आलं असतं, अगदी सहज. मॅक्रोचं हेच तर सामर्थ्य. एका जागी बदललं की गावातली प्रत्येक पाणीपाळी आपोआप बदलते, कुणाची एक ओळही न हलवता. पण बेलापुरात बसून एका बाईनं गावाचं पाणी चोरून फिरवायचं, तर मग भाऊंमध्ये आणि माझ्यात काय फरक? मी म्हटलं, ग्रामसभेत ठेवू.

ग्रामसभा शाळेत भरली. भाऊ बोलले, मी बोलले, दोघांचे आवाज चढले. मग वरच्या आळीतली एक म्हातारी आजी उठली. ती म्हणाली, "मला एक सांगा. मागल्या म्हयन्यात आमच्यात मयत झालं. मानसं मसनातनं आली आन् अंगोळीला टिपूस न्हाय. पाळी खालच्या वाडीची हुती. मशीनला सांगितलं तर ते म्हनतं, असं सांगता येत न्हाय. मयताला बी आधी म्हनू ने व्हय?"

‘आधी’ असंही कुणी मागेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वहिनीच मागून म्हणाली, "मयताला कोन न्हाय म्हनंल? कुनाचं बी असो."

मग ठरलं. ‘पोचल्यावर’ सगळ्यांना. ‘आधी’ फक्त मयताला. भाऊंनी मान डोलावली, जरा जास्तच पटकन. दिनू नियम लिहिणार आणि दिनूला सांगणार भाऊ. मशीनला मेलेला माणूस आणि जिवंत माणूस यांतला फरक काय कळणार?

त्या आठवड्यात मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. तो एक मॅक्रो मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा खोडला आणि पुन्हा लिहिला. भाषेत चोरीची वाट बंद कशी करायची? बंद करता येत नाही, हे शेवटी पटलं. मग मी वेगळं केलं. ‘आधी’ लिहिलं की तीन गोष्टी सांगाव्याच लागतील: वाडी, कारण आणि घर. आणि त्या वाक्याचा मॅक्रो जो प्रोग्रॅम लिहील त्यात पाणी वळवण्याबरोबरच गावातल्या प्रत्येक फोनवर निरोप धाडायचं काम आपोआप येईल. एकाशिवाय दुसरं नाही. पाणी हवं तर निरोप जाणारच. रद्द करायचं तरी कारणासकट निरोप जाणार. भाऊंनी विचारलं, "घराचं नाव कशाला?" मी म्हटलं, "लोकांना मयताला जायचं असतं, भाऊ. कुणाकडे जायचं ते कळायला नको?" निरोपाच्या यादीत मी माझाही नंबर घातला. त्यानंतर लवकरच निवृत्त झाले आणि माणगावला आले.

पुढच्या लग्नसराईत, भर दुपारी, फोन वाजला. ‘आधी: वरची आळी. कारण: मयत. घर: भाऊ.’

भांडण असलं तरी माणूस ओळखीचा. भाऊंच्या आईचं वय झालेलं होतं. मी लगेच भाऊंच्या घरी फोन लावला. कुणीतरी उचलला आणि माझ्या कानात बँजो शिरला. बँजो, ढोल, बायकांचं हळदीचं गाणं.

"कोण गेलं हो?" मी ओरडून विचारलं.

"कुठं? सगळे हितंच हायत. नाचतायत! भाऊंच्या पुतन्याची हळद हाय!"

मी फोन ठेवला आणि अंगाचा तिळपापड झाला. वहिनीला फोन केला. त्या दिवशी पहिली पाळी खालच्या वाडीची होती. आदल्या दिवशी वीज नव्हती म्हणून टाकी भरली नव्हती. म्हणजे वाडीत पिण्यापुरतंही पाणी उरलेलं नव्हतं, आणि वर पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या.

"निरोप बघितलास का?" मी विचारलं.

"बगितला," वहिनी म्हणाली. आवाज एकदम थंड. "मयत हाय म्हनं भाऊंच्यात. जायला पायजे, ताई. रीत हाय."

मी अंगावरच्या साडीनिशी निघाले. मिस्टर मागून विचारत होते, कुठे चाललीस, त्यांना सांगायलाही थांबले नाही. मिळेल त्या रिक्षानं गाव गाठेपर्यंत उन्हं कलली होती. वरच्या आळीच्या तोंडाशी पोचते तर समोरून वाडीतल्या बायका येत होत्या. सगळ्यांच्या अंगावर पांढरी लुगडी, पदर डोक्यावरून, कुणी कुणाशी बोलत नाही. मागे पुरुषमाणसं, हात बांधून. पुढे वहिनी. माझ्याकडे बघून तिनं फक्त मान हलवली आणि मी मुकाट्यानं रांगेत शिरले.

मांडवात हळद रंगात आली होती. नवरदेव पिवळाधमक. बायका मांडवाच्या कडेला जाऊन जमिनीवर बसल्या, एकही शब्द न बोलता. बँजो वाजवणाऱ्यांचं लक्ष गेलं. एकाचं वाद्य थांबलं, मग दुसऱ्याचं. भाऊ धावत आले.

"वहिनी, हे काय? या, बसा, पण हे असं..."

"भाऊ, मयत कुठं ठेवलंय?"

"काय अभद्र बोलता! हळद चालली आहे!"

"आमी कुठं बोललो? मोबाइलवर आलंय. घर तुमचंच हाय न्हवं?" आणि तिनं फोन पुढे धरला.

भाऊंच्या बायकोनं तो फोन हातात घेऊन वाचला. तिला काहीच माहीत नव्हतं. तिचा चेहरा असा काही उतरला, की मला क्षणभर तिची कीव आली. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अवं, पोराच्या हळदीला तुमी मयत लिवलंत? आपल्या घराच्या नावावर?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "झालं ते झालं. वहिनी, सगळ्यांनी जेवून घ्या. पानं मांडतो."

"मयत उचलल्याबिगर जेवायचं नसतं, भाऊ," वहिनी म्हणाली.

मागे ग्रामसभेतली ती आजी बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. रडते आहे की हसते आहे ते कळेना. भाऊंनी खिशातून फोन काढला आणि दिनूवर ओरडले, "रद्द कर! आत्ताच्या आत्ता! कारण काय? काहीही लिही, गाढवा!"

थोड्या वेळानं मांडवातले सगळे फोन एकदम वाजले. पाहुण्यांचे सोडून गावातल्या प्रत्येकाचा. ‘आधी रद्द. घर: भाऊ. कारण: मयत उठलं.’

पहिली हसली ती आजी. मग सगळा मांडव. नवरदेवसुद्धा हसता हसता हळदीच्या पाटावरून घसरला. मी तर डोळे पुसत होते. भाऊंना हसू येत नव्हतं, पण त्यांनी मान खाली घातली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. वहिनी उठली, लुगडं झटकलं. "चला गं बायांनो. पानी पोचंल आता."

पोचलं. हंडे भरून झाल्यावरच वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा मला फोन. "मॅडम, तो शब्द काढून टाका. नको मला." माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या शब्दासाठी मी झोप घालवली तो हा माणूस आपण होऊन परत करत होता! एका जागी चार ओळी पुसायच्या, की गेला. मी आनंदानं वहिनीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काडू नका, ताई. मानसं मरायची थांबलीत काय?"

म्हणून तो शब्द अजून आहे. त्यानंतर कुणी खोटा वापरला नाही. खरा मात्र वापरावा लागला.

या पावसाळ्याच्या तोंडाशी निरोप आला. फोनच्या पडद्यावर निरोपाची फक्त सुरुवात दिसते. ‘आधी: खालची वाडी. कारण: मयत.’ एवढंच दिसलं. पुढचं घराचं नाव वाचायला निरोप उघडावा लागतो. माझी आई त्या वाडीत आहे. दादा आहे, त्याला हार्टचा त्रास आहे. बोटं ओली होती, भांडी घासत होते, पडदा काही केल्या उघडेना. पदराला बोट पुसलं, तरी उघडेना. तेवढ्या वेळात मी आईला पोचवून आले, दादाला पोचवून आले, वहिनीच्या कपाळाकडे बघवेना असंही झालं. मग उघडला. शेजारचे, दोन घरं सोडून राहणारे बाबा गेले होते. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. मयताला गेले. वरच्या आळीची माणसं आली होती, भाऊही कडेला उभे होते. अंघोळीला नळाला पाणी होतं.

घरी आल्यावर मी बेलापूरला फोन केला. माझ्या जागी आता ज्या बाई आहेत त्यांना म्हटलं, त्या निरोपाची रचना बदला, घराचं नाव अगदी सुरुवातीला घ्या. त्या हुशार आहेत, मॅक्रो त्यांनी पूर्ण वाचलेला आहे. त्यांना कळेना. "मॅडम, तिन्ही गोष्टी तर जातातच. क्रमानं काय फरक पडतो?"

"पडतो हो," मी म्हटलं. "घर आधी येऊ द्या."